पांढऱ्या दाराची अंगठी

“तापलेल्या मिन्याला पाणी दाखवायचं नाही, आणि तापलेल्या माणसाला आरसा.”

बाबांना जाऊन वर्षं लोटली होती, तरी भट्टीचं झाकण उघडलं की मिनावालीच्या कानात आधी हे वाक्य शिरायचं आणि धग नंतर लागायची. लहानपणी एकदा तिनं घाईघाईत, लाल झालेलं पदक पाण्याच्या बादलीत बुडवलं होतं. चर्र झालं आणि बाबांची महिनाभराची मेहनत निळ्या कपच्या होऊन बादलीच्या तळाशी गेली. बाबांनी मारलं नाही. त्या कपच्या एकेक करून वेचायला लावल्या. बोटं रक्ताळली तेव्हा जवळ बसून म्हणाले, “मिना म्हणजे काच, बाळ. सोनं सोसतं, काच सोसत नाही. तिला तिच्या चालीनं निवू द्यावं.”

ती शिकली. कामही शिकली आणि सोसणंही. भट्टी पेटवण्याआधी रोज हात जोडायचे आणि पहिला दागिना बाहेर निघेपर्यंत कुणाला वाकडा शब्द बोलायचा नाही, असा तिचा नेम होता. नेम पहिल्या दागिन्यापुरता. पण सवय अशी लागली की दिवस मावळेपर्यंत वाकडा शब्द तोंडाशी यायचाच नाही.

“ताई, तुझा देव भट्टीत बसतो म्हणजे घामानं बेजार होत असेल बिचारा,” धाकटा म्हणायचा.

“तुझ्या जिभेशेजारी बसण्यापेक्षा त्याला भट्टी बरी,” ती म्हणायची.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. केस पिकले, चष्मा लागला, तरी घरात तो धाकटाच राहिला. त्याचं लग्न जमलं नाही, तिचा संसार नवऱ्याच्या आजारपणात लवकर संपला. मग दोघं बाबांच्या या दोन खोल्यांत परत एकत्र आली. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत चूल आणि अंथरुणं. धाकटा पोलादी कलमानं सोन्यात बारीक खळगे खोदायचा, ती त्या खळग्यांत दळलेली रंगीत काच भरून भट्टीत भाजायची. त्याच्या उजव्या हातावर दोघांची पोटं होती. त्याचा हात थांबला तर तिला भरायला खळगा नाही, आणि खळगा नाही तर भट्टीला काम नाही.

त्याच उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात बंधुसभेची अंगठी होती.

बंधुसभा गावातली जुनी. व्यापारी, वखारवाले, कारागीर, सगळे तिथं एकमेकांचे बंधू. आजारात, अडीअडचणीत धावून जायचं, सभेतली गोष्ट बाहेर न्यायची नाही, आणि बोटात सभेची अंगठी घालायची. पिवळ्याधमक जुन्या सोन्याची, सगळ्या बाजूंनी गर्द निळा मिना, वर मिटलेलं पांढरं दार, आणि दाराच्या फटीतून केसाएवढी लाल रेघ. नव्या अंगठ्या सभा करत नसे. ज्या होत्या त्या पणजोबांच्या काळच्या. बंधू वारला की त्याच्या बोटातली काढून नव्या बंधूच्या बोटात जायची. सगळीकडून मिना असल्यामुळे ती ना वाढवता यायची, ना कमी करता यायची. म्हणून बाबा हसून म्हणायचे, “यांच्यात अंगठी माणसाला नाही बसवत, माणूस अंगठीला बसवतात.” बारीक बोटाच्या तरुणाला घालायची, पुढं बोट जाड होतं, पेर फुगतं, अंगठी आत रुतून बसते. जन्माची गाठ.

आणि अंगठीला कधी कापायचं नाही, हा सभेचा मोठा नियम. अंगठी अखंड तर सभा अखंड. ज्याच्या हातून अंगठी भंगेल त्यानं त्याच जागेवर आपली काढून द्यायची आणि सभेबाहेर व्हायचं. बोटातून निघत नसेल तर नियम बोटाची पर्वा करत नव्हता. बाबांनी ही अंगठी सांभाळली, बाबांनंतर ती धाकट्याच्या बोटात आली. सभेच्या अंगठ्यांची डागडुजी याच घरात व्हायची, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

मग तो ड्रायव्हरचा प्रकार झाला.

सभागृहात खुर्च्या पोचवायला ट्रक आला होता. मागं घेताना ट्रकचा कोपरा फाटकाच्या दगडी खांबाला लागला आणि खांब आडवा झाला. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडत होता. सभेचे थोरले अंगणात आले. थोरले म्हणजे सभेचे प्रमुख, लाकडाच्या वखारीचे मालक. पांढरेशुभ्र कपडे, आवाज असा मऊ की ऐकायला माणसानं पुढं वाकावं. त्यांनी ट्रकच्या पायरीवर ठेवलेला लोखंडी दांडा उचलला. धाकटा तेव्हा वरच्या खोलीत भिंतीवरची पितळी पाटी खोदत बसला होता. खिडकीतून त्यानं सगळं पाहिलं. बाहेर मात्र असं सांगण्यात आलं की ड्रायव्हर स्वतःच्याच ट्रकखाली आला.

काही दिवसांनी ड्रायव्हरची बायको त्यांच्या दारात उभी राहिली. तिनं कोर्टात दाद मागितली होती. रडली नाही. म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी वर होता म्हणे. मला फक्त एवढंच सांगा, तो ट्रकखाली आला का?”

धाकट्यानं कलम खाली ठेवलं. बराच वेळ तो अंगठीकडं बघत होता. मग म्हणाला, “नाही, बाई. मारला त्याला. मी तारखेला कोर्टात उभा राहीन. शब्द देतो.”

ती गेल्यावर मिनावाली म्हणाली, “अरे, माझ्याशी बोलायचंस तरी आधी.”

“तुझ्याशी बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस?”

“हेच म्हणाले असते.”

“मग वेळ वाचला,” धाकटा म्हणाला आणि पुन्हा कलम उचललं. पण त्या दिवशी त्याची रेघ दोनदा घसरली.

तारखेच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, थोरले आले. बरोबर सभेचा दारवान आणि शिंपी. दारवान चौकटीत मावेना एवढा आडवा. शिंपी सुकलेला, गळ्यात माप घ्यायची फीत, सभेचे सगळे नियम तोंडपाठ असलेला माणूस. थोरल्यांनी चपला बाहेर काढल्या.

“ताई, आत येऊ का?”

“आलातच की,” मिनावाली म्हणाली. भट्टी तापली होती. सकाळपासून ती एका जुन्या कानातल्याला हिरवा रंग चढवत होती.

“अंगठी न्यायला आलोय.”

“दुरुस्तीला कधी दिली होती?”

“ह्याच्या बोटातली,” थोरले हळू आवाजात म्हणाले. “जो सभेतली गोष्ट बाहेर नेतो तो बंधू राहत नाही. बंधू नाही, मग अंगठी कशाला?”

धाकटा उठला. “मीच आणून देणार होतो, थोरले. पण निघत नाही. बघा.” त्यानं अंगठी ओढून दाखवली. पेराच्या गाठीवर ती अडली, कातडी गोळा झाली.

“निघत नाही होय?” दारवान म्हणाला. “माझ्या सासूचं पण असंच होतं. शेवटी काढली.”

“कशी?” धाकट्यानं विचारलं.

“ती मेल्यावर.” तो स्वतःच हसला, आणि हसता हसताच त्यानं धाकट्याच्या पोटात असा ठोसा मारला की धाकट्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. नुसता वाकला. दारवानानं त्याचा चष्मा काढला, नीट घडी करून खिडकीत ठेवला, आणि दुसरा ठोसा तोंडावर मारला. एक दात कामाच्या टेबलावर पडला आणि सोन्याच्या किसात लपून गेला.

मिनावाली मधे धावली. थोरल्यांनी तिचा दंड धरला. तेल लावलेल्या दोरानं बांधावं तशी मऊ, घट्ट पकड. “ताई, तुमच्याशी आमचं काही नाही. तुमच्या बाबांनी सभेचं मीठ खाल्लंय.”

“बाबांनी सभेचं काम केलं,” ती म्हणाली. “मीठ आमचं आम्हीच आणत होतो.”

शिंपी तोवर टेबलावरची हत्यारं बघत होता. पत्रा कापायची जाड कात्री त्यानं उचलली, उघडमीट करून पाहिली. “बोट बारीक आहे. एका दाबात होईल,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बाही किती आखूड करायची ते सांगावं तसं त्यानं सांगितलं.

“थांबा,” मिनावाली म्हणाली. “बोट कशाला? तुम्हाला अंगठी अखंड हवी ना? मी दोरा लावून काढते.”

“सुजलंय ते,” शिंपी म्हणाला.

“सुजलेलं असलं तरी काढते. मला थोडा वेळ द्या. हात कामाचा आहे त्याचा.”

शिंप्यानं थोरल्यांकडं पाहिलं. “नियमाला चालतं. अंगठी परत आली की झालं.”

थोरल्यांनी खांदे उडवले. “काढा. पण रडारड नको.”

तिनं रेशमाचा दोरा घेतला, साबण घेतला. दारवानानं धाकट्याला खुर्चीत दाबून धरलं आणि हात वर धरला. तिनं दोऱ्याचं टोक सुईनं अंगठीखालून हाताच्या बाजूला सरकवलं, आणि उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडं एकाला एक लावून आवळत नेला. बोट आधी पांढरं पडलं, मग जांभळं. पेराच्या गाठीवर तिनं दोन्ही हातांनी ओढून फेरे घेतले. धाकट्याच्या कपाळावर घाम फुटला.

“ओरड,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “लाज कसली?”

“ओरडलो तर तुझा हात हलेल,” तो दात आवळून म्हणाला.

मग तिनं हाताकडचं टोक उलगडायला घेतलं. एकेक फेरा सुटत गेला तशी अंगठी एकेक फेरा पुढं सरकली. गाठीवर आली तेव्हा कातडी फाटली. रक्त आणि साबणाचा फेस एकत्र होऊन तिच्या मनगटावरून ओघळला. धाकट्यानं डोकं मागं टाकलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. अंगठी गाठ ओलांडून सुटली आणि तिच्या तळहातावर पडली.

दारवानसुद्धा पुढं वाकून बघत होता.

“वा ताई,” शिंपी मनापासून म्हणाला. त्यानं भिंग लावून अंगठी फिरवून पाहिली. “अखंड. रक्त लागलंय फक्त. साफ करून द्या, तशी सभेत नेता येत नाही.”

तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली आणि चिमट्यात धरली. तिच्या मनात आलं, सुटलो. बोट सोलवटलंय, पण आहे. आठवड्यात कलम धरील.

“आता हात टेबलावर ठेव,” थोरले म्हणाले.

धाकट्यानं मान वर केली. “अंगठी दिली की.”

“अंगठी सभेची होती, ती सभेला मिळाली. माझा हिशेब वेगळा आहे.” त्यांनी टेबलावरची घडाईची हातोडी उचलली, तिचं वजन हातात जोखलं.

“थोरले,” शिंपी म्हणाला, “नियमात एवढंच आहे. अंगठी आली, विषय संपला.”

“नियम मी सांगतो, तू काज कर,” थोरले म्हणाले, आणि दारवानाला त्यांनी मान हलवून खूण केली. दारवानाला खूण कळायला वेळ लागत नसे, विचार करायला लागे. त्यानं धाकट्याचा उजवा हात टेबलावर दाबला.

हातोडी खाली आली.

तो आवाज मिनावालीनं आधी कधी ऐकला नव्हता. ओलं लाकूड फुटावं तसा. धाकटा ओरडला, एकदाच, आणि मग त्याचा श्वास शिट्टीसारखा येऊ लागला. ज्या बोटातून तिनं फेरा फेरा करून अंगठी सोडवली होती ते बोट, आणि त्याच्या आजूबाजूची दोन, टेबलाला चिकटून सपाट झाली होती.

“असा बघू नकोस माझ्याकडं,” थोरले त्याच मऊ आवाजात म्हणाले. “तो ड्रायव्हर पण असाच बघत होता. पहिल्या फटक्याला हात जोडून बघत होता, दुसऱ्याला गुडघ्यावरून बघत होता. तिसऱ्यानंतर बघायचा थांबला. एक खांब भारी पडला त्याला. तू उद्या तोंड उघडणार होतास ना? उघडायला काही शिल्लक ठेवत नाही.”

त्यांनी हातोडी जबड्याच्या उंचीला आणली.

“थोरले.”

मिनावालीचा आवाज मोठा नव्हता. तिनं भट्टीचं झाकण उघडलं होतं आणि चिमटा आत धरला होता. चिमट्याच्या टोकाला अंगठी होती.

“हातोडी खाली ठेवा. नाहीतर पणजोबांच्या काळची तुमची अंगठी थेंब होऊन राखेत पडेल.”

शिंप्याचा चेहरा पांढरा पडला. “ताई, नको. ताई, ती मूळच्यातली आहे.”

“मला ठाऊक आहे कुठली आहे. माझ्या बाबांच्या बोटात होती.”

“तुझ्यात ती धमक नाही,” थोरले म्हणाले.

तिनं चिमटा वीतभर आत सरकवला. निळा मिना काळवंडला, मग आतून उजळला. पांढरं दार पिवळसर झालं. दारवानानं धाकट्याला सोडलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, घरात आग लागल्यासारखे.

थोरले धावले. हातोडीच्या मुठीनं त्यांनी तिच्या तोंडावर मारलं. ती भिंतीवर आदळली, नाकातून ऊन रक्त आलं. चिमटा आता त्यांच्या हातात होता, टोकाला लालबुंद अंगठी. भट्टीसमोरच्या विटेवर ती ठेवायची, वर भांडं पालथं घालायचं आणि निवू द्यायची, एवढंच करायचं होतं. पण थोरल्यांनी जन्मात भट्टी पाहिली नव्हती. आग दिसली की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. समोरच्या बादलीत चिमटा बुडवला.

चर्र झालं. मग गारा पडाव्यात तशी तडतड.

चिमटा वर आला तेव्हा त्यात सोन्याचं एक उघडंबोडकं वळं होतं. धाकट्याच्या आधी कोणी तरी, त्याच्याही आधी कोणी तरी खोदलेले रिकामे खळगे. निळ्या कपच्या पाण्यात तरंगत तळाशी चालल्या होत्या. दार कुठंच नव्हतं.

शिंपी गुडघ्यावर बसला आणि बादलीत बघत राहिला. मग उठला. त्यानं गळ्यातली फीत काढून नीट गुंडाळली आणि खिशात घातली.

“थोरले,” तो म्हणाला, “अंगठी तुमच्या हातून भंगली.”

“बाईनं भट्टीत घातली!”

“सगळ्याच अंगठ्या भट्टीतून आल्यात. पाण्यात तुम्ही घातलीत.” तो मिनावालीकडं वळला. “ताई, खरं सांगा. पाण्यात घातली नसती तर?”

तिनं नाकाला फडकं लावलं होतं. तिला ठाऊक होतं की ‘वितळलीच असती’ एवढं म्हटलं तर हे इथंच थांबेल. थोरल्यांचं बोट वाचेल. आणि मग ती हातोडी पुन्हा धाकट्याच्या जबड्याकडं जाईल. पण ती एवढा लांबचा विचार करून बोलली असं म्हणणं खोटं ठरेल. कामाबद्दल कुणी विचारलं तर खोटं सांगायची तिच्या जिभेला सवयच नव्हती.

“वाचली असती,” ती म्हणाली. “रंग थोडा हलला असता. मी बसवून दिला असता.”

“ऐकलंत,” शिंपी दारवानाला म्हणाला.

दारवान ऐकत होता. यावेळी तो विचारही करत होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बंधूची अंगठी भंगली, म्हणजे भंगवणाऱ्यानं आपली द्यायची. थोरल्यांच्या जाड बोटात त्यांची अंगठी मांसात बुडालेली होती.

“शिंप्या, वेडा झालास का?” थोरल्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “मी थोरला आहे!”

“म्हणून तर नियम आधी तुम्हाला.”

“थांबा,” मिनावाली म्हणाली. “मी त्यांच्याही बोटाला दोरा लावते. लावू द्या मला.”

कुणीच थांबलं नाही, आणि थोरले तर मुळीच नाही. त्यांना समोर दोन बंधू दिसत होते आणि या सगळ्याचं मूळ म्हणून ती बाई दिसत होती. “तू बोललीस!” ते किंचाळले आणि हातोडी तिच्यावर उगारली. तिला बाजूला व्हायला जागा नव्हती. मागं भिंत, शेजारी भट्टी.

खुर्चीतून धाकटा उठला. कसा उठला देव जाणे. मोडलेला हात छातीशी धरून, चष्म्याशिवाय, अर्धा आंधळा, तो त्या दोघांच्या मधे आला. हातोडी त्याच्या कानशिलावर बसली. तो मिनावालीच्या अंगावर कोसळला आणि दोघं मिळून भिंतीवरून खाली घसरली.

मग दारवानानं थोरल्यांना मागून उचललं, सामान उचलावं तसं, आणि टेबलावर उपडं पाडलं. पांढरे कपडे सोन्याच्या किसात आणि धाकट्याच्या रक्तात माखले. थोरल्यांनी दारवानाच्या मनगटाचा लचका तोडला. दारवानानं हात सोडला नाही. थोरले आता विनवत होते. वखारीची शपथ घालत होते, दारवानाच्या मुलींची शपथ घालत होते. शिंप्यानं त्यांची मूठ उघडली, बोट सरळ केलं, कात्रीची पाती पेराशी लावली, आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी दाबली. बोट बारीक नव्हतं. एका दाबात झालं नाही.

मिनावालीनं धाकट्याचं डोकं छातीशी दाबून त्याचे कान झाकले होते.

शिंप्यानं बोट आणि अंगठी एका फडक्यात बांधली. कापडाच्या दुसऱ्या पट्टीनं थोरल्यांचं मनगट आवळलं, टाका घालावा तितक्याच सफाईनं. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ताई, आमचं आमच्यात मिटलं. थोरल्यांना सभेनं शिक्षा दिली. आता पुढं काही राहिलं नाही. तुम्ही काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. उद्या तारखेला कुणी येणार नाही. तुमच्या भल्याचंच सांगतो.”

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. “हा श्वास घेतोय,” ती म्हणाली. “उचला कुणी तरी याला.”

उचललं दारवानानं. थोरल्यांना शिंपी घेऊन गेला आणि दारवान धाकट्याला दोन्ही हातांवर घेऊन भर रस्त्यातून दवाखान्यापर्यंत चालत गेला. त्याच्या मनगटातून रक्त गळत होतं आणि तो सारखा म्हणत होता, “हलका आहे, अगदी हलका आहे हा,” जणू त्यात त्याचाच काही गुन्हा होता. दवाखान्यात विचारलं, कसं लागलं? दारवान म्हणाला, “भट्टीवर पडला.” मिनावाली गप्प राहिली. त्या घटकेला तिला फक्त धाकट्याची छाती वर-खाली होताना बघायची होती.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. अर्धा चेहरा सुजून डोळा बंद झाला होता. पट्टीतला हात त्यानं पाहिला आणि नजर वळवली.

“ताई, तुला लागलं?”

“नाक थोडं सुजलंय. तसंही कुठं धारदार होतं?”

तो हसायला गेला आणि कळवळला. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिला. “त्या बाईला… मी शब्द दिलाय. उद्या.”

“मला ठाऊक आहे.”

“ती एकटीच बसेल तिथं. वाट बघत.”

“नाही बसणार एकटी. मी जाते. तुझ्या जागी मी उभी राहते. ड्रायव्हरला कसं मारलं ते थोरल्यांनी आपल्या तोंडानं सांगितलंय, मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

“तू?” त्याचा उघडा डोळा तिच्यावर स्थिरावला. “आजवर कुणाला वाकडा शब्द बोलली नाहीस. तू कोर्टात काय बोलणार?”

“सरळच तर बोलायचंय,” ती म्हणाली. “जाईन. शब्द देते तुला.”

त्यानं डावा हात उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. मग झोपला. उजाडायच्या आत झोपेतच तो गेला.

सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, कागदपत्रं व्हायला दुपार होईल, मग न्या. ती घरी आली. पुढच्या खोलीचं दार तिनं उघडलं नाही. मागच्या दारानं आत जाऊन अंघोळ केली, रक्तानं कडक झालेले कपडे बादलीत भिजत घातले, धुतलेले अंगावर चढवले. आरशात नाक पाहिलं. काळंनिळं झालं होतं. त्यावर पावडर लावावी असं एकदा मनात आलं, मग म्हटलं, असू दे, विचारतील तेव्हा तेही सांगू. हात जोडून घटकाभर उभी राहिली. मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसतीच उभी राहिली.

शेजारची काकू दारात आली. डोळे पुसत होती. “अगं, भाऊ तिकडं दवाखान्यात आणि तू निघालीस कुठं?”

“कोर्टात, काकू.”

“आज? अगं, लोक काय म्हणतील? आणि ती माणसं तुला जगू देतील का? उद्या-परवा बघ काय ते.”

“तारीख आज आहे. माझा भाऊ दुपारपर्यंत थांबेल माझ्यासाठी, समजून घेईल. ती बाई कशी थांबेल?” तिनं काकूच्या हातात घराची किल्ली दिली. “त्याला आणायच्या आधी पुढची खोली धुवावी लागेल. मी येऊनच धुईन. तुम्ही हात लावू नका.”

ती पायऱ्या उतरली. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान उघडं होतं. तो यंत्रावर बसला होता, पण यंत्र चालू नव्हतं. तिला पाहून तो उठून उंबऱ्यावर आला.

“ताई,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “कळलं मला. फार वाईट झालं. आता परत फिरा. अजून कुणी पाहिलं नाही तुम्हाला.”

“तुम्ही पाहिलंत की.”

“मी नाही सांगणार. पण तिथं बोललात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

“तुमच्या हातात काल कात्री होती,” ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, नुसती आठवण होती. “मी तेही सांगणार आहे. माझ्या भावाचं सांगणार, ड्रायव्हरचं सांगणार. जे झालं तेवढंच. तुम्ही तिथं होता, तुम्हीही आलात तर दोघांचं मिळून पुरं होईल.”

शिंप्यानं चौकट धरली. तो आला नाही, आणि आडवाही आला नाही.

समोरून मालाची एक गाडी चालली होती. ती जाईपर्यंत मिनावाली रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग खाली बघत, नेहमीच्याच बेताच्या चालीनं, तिनं रस्ता ओलांडला आणि कोर्टाच्या वाटेला लागली.